सात ओळी, मग उडी

बाई, त्या रविवारच्या खिचडीत मीठ नव्हतं, आणि ते पडू नये अशी व्यवस्था तुम्हीच केली होती. इंग्लंडातलं, ब्रॅकनेलचं तुमचं ते किचन, खिडकीबाहेर राउंडअबाउट, कट्ट्यावर शेंगदाण्याचा कूट काढून ठेवलेला. तुम्ही वहीत साबुदाण्याच्या खिचडीची कृती लिहिता, एकाखाली एक अकरा पायऱ्या, आणि वही माझ्यासमोर सरकवून म्हणता, "आज तू प्रोग्रॅम. डोकं चालवायचं नाही. लिहिलंय तेवढं करायचं, लिहिलंय त्याच क्रमाने." तुमचे डॉक्टर पेपरामागून म्हणतात, "जमेल त्याला. मला इतकी वर्षं जमतंय." मी तूप घालतो, जिरं टाकतो, मिरच्या टाकतो. सहाव्या पायरीवर तुम्ही एक चिठ्ठी चिकटवली आहे: पान विसावर जा. पान विसावर लिहिलंय: घड्याळ बघ, वेळ लिहून ठेव, परत ये, सातव्या पायरीपासून पुढे चाल. मी इमानदारीत जातो, वेळ लिहितो, परत येतो, साबुदाणा परततो, झाकण ठेवतो. डॉक्टर पहिला घास घेतात आणि माझ्याकडे न बघता तुमच्याकडे बघतात. तुम्ही चिठ्ठी सोलून काढता. खाली लिहिलेलं असतं: मीठ घाल.

"कळलं का?" तुम्ही म्हणालात. "चिठ्ठी ज्या पायरीवर बसते ती पायरी गिळते. म्हणून ती आधी पान विसावर करून टाकायची आणि मगच परतायचं. वाटेत कुणी अडवून वेळ विचारली हे प्रोग्रॅमला कळता कामा नये. त्याने थांबायचं नाही, त्याला थांबवायचं नाही. चालत्या गाडीचा डबा बदलल्यासारखं." चालत्या प्रोग्रॅमवर कान कसा बसवायचा हे मी असं शिकलो. पुढे या विषयावर मी दोन युनिव्हर्सिट्यांमध्ये बोललो, मोठमोठे चार्ट लावून. पण खरं सांगायचं तर माझं शिक्षण तेवढंच, अळणी खिचडी. ऑफिसातले गोरे अशा चिठ्ठीला प्रोब म्हणायचे. आपण दोघं 'कान' म्हणायचो.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा तिशीला टेकलो होतो आणि माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, कान सोडून. मिरजेच्या तार ऑफिसात सहा वर्षं कट्ट-कडकट्ट ऐकत काढलेली. पलीकडे कोण बसलाय, त्याला सर्दी झालीय की त्याचं बायकोशी भांडण झालंय, हे मी त्याच्या ठोक्यांवरून सांगायचो, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. मग इथे लंडनला स्टुडंट म्हणून, वेम्बलीला एका गुजराती दुकानाच्या वरच्या खोलीत, सकाळी खाली भेंडीची खोकी उतरवायची आणि दुपारी कॉलेज. तुमच्या कंपनीत लागलो तो ऑपरेटर म्हणून: टेप चढवा, टेप उतरवा, प्रिंटरला कागद घाला. पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या डिस्कच्या कपाटापाशी उभा राहून मी मनाशीच म्हणालो, "च्यायला, ही तर आजारी आहे." आणि मागून आवाज आला, "जपून. इथे एकीला कळतं." वळून बघतो तर साडीवर डफल कोट घातलेल्या तुम्ही. अख्ख्या मजल्यावरची एकमेव बाई सिस्टिम्स प्रोग्रॅमर, आणि ती पुण्याची. "आजारी कशावरून?" "बाई, हिचा हात आत जाताना एकदा आवाज करतो, परत येताना दोनदा." तुम्ही कपाटाला कान लावलात, तोंड वाकडं केलंत, म्हणालात, "मला काही ऐकू येत नाहीये." चौथ्या दिवशी ती डिस्क बंद पडली. पाचव्या दिवशी तुम्ही डॉक्टरांचा जुना स्टेथोस्कोप आणून माझ्या टेबलावर ठेवलात. "हॉस्पिटलात यांना नवा मिळालाय. हा तू ठेव. माणसांपेक्षा मशिनं खरं बोलतात."

मी तुमचं कौतुक लिहायला बसलो असं वाटेल. तशा तुम्ही काही गोड नव्हतात. मी पहिल्यांदा एका प्रोग्रॅमवर स्वतः कान बसवला, कुठल्या भागात किती वेळ जातो त्याचा छान तक्ता केला, सुवाच्य अक्षरात. तुम्ही तो बघितलात आणि परत दिलात. "यात तू कुठे आहेस?" मला कळेना. "अरे, तुझा कान घड्याळ बघतो, वेळ लिहितो, त्याला वेळ लागत नाही का? तो वेळ तू त्या बिचाऱ्या प्रोग्रॅमच्या नावावर मांडलायस. आधी कान स्वतः किती खातो ते मोज. मग स्वतःला वजा कर. मग दुसऱ्याबद्दल बोल." चार गोऱ्यांसमोर, मराठीत, पण सूर त्यांना कळला. मी तक्ता फाडला आणि पुन्हा केला. आज माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो, आणि तुमचं नाव सांगत नाही.

मग ते लॅबचं काम आलं. तीन हॉस्पिटलांचे रक्ताचे रिपोर्ट आमच्या मशीनमधून जायचे. लॅबमध्ये कुणी टर्मिनलवर आकडे टाईप करायचं, आमचा प्रोग्रॅम रिपोर्ट तयार करून वॉर्डातल्या प्रिंटरवर पाठवायचा, आणि प्रत्येकाची एक प्रत आमच्याकडेही छापली जायची, लांबच लांब पट्टीच्या कागदावर. प्रत्येक रिपोर्ट सात ओळींचा. सात ओळी, मग कागद उडी मारून पुढच्या पानावर. आठवड्यात तो ठेका माझ्या अंगात भिनला. प्रिंटरकडे पाठ करून बसलो तरी मी सांगायचो, आता कितवा चाललाय.

त्या प्रोग्रॅमला एक रोग होता. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या वेळी एका माणसाच्या रिपोर्टची ओळ दुसऱ्याच्या रिपोर्टला जाऊन चिकटायची. लॅबवाल्यांनी प्रत्येक वेळी पकडलं, कारण काहीतरी हास्यास्पद निघायचं, म्हाताऱ्याच्या रिपोर्टवर गरोदरपणाची टेस्ट वगैरे. ओळी उचलून प्रिंटरकडे देणारा तो भाग तुम्ही लिहिलेला होता, चौदा ओळींचा. तुम्ही तो शंभर वेळा वाचलात. सापडेना. दोन टर्मिनलांचं काम अगदी एकाच क्षणी संपलं तरच ते होत असावं, एवढा तुम्हाला संशय, पण हाती काही लागेना. मग तुम्ही त्या चौदा ओळींवर कान बसवलात. प्रत्येक वेळी कोण आत शिरलं, कोण बाहेर पडलं, किती वाजता, सगळं टिपायचं. आणि रोग थांबला. एक आठवडा, चार आठवडे, तीन महिने. मॅनेजर म्हणाला, फँटॅस्टिक. तुम्ही मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेलात. मी विचारलं, "बाई, बरं झालंय, मग तोंड का असं?" तुम्ही म्हणालात, "बरं झालेलं नाही. कानामुळे तिथे किंचित उशीर होतोय, केसाएवढा. तेवढ्या उशिरामुळे ते दोघं आता दारात एकमेकांना धडकत नाहीत. डॉक्टरांनी नळी लावली की खोकला थांबतो, तसं आहे हे. नळी काढली की पुन्हा." आणि मग बोट उगारून, "मला कारण सापडेपर्यंत तो कान तिथून हलता कामा नये. कळलं ना?" कळलं होतं, बाई. तुम्ही सांगितलं आणि मला कळलं नाही, असं क्वचित झालं.

तुमच्या आई गेल्याची तार आली तो सोमवार होता. तुम्ही मंगळवारी पुण्याला गेलात. जाताना कोटाची बटणं लावत दारातून म्हणालात, "तेराव्यानंतर येते. तो कान तसाच राहू दे. बाकी जग बुडालं तरी चालेल."

आता मॅनेजरबद्दल. वाईट माणूस नव्हता, हे लिहायलाच हवं, नाहीतर सगळं त्याच्यावर ढकलल्यासारखं होईल. हसरा, क्रिकेटवेडा, मला 'माय ओल्ड टेलिग्राफ' म्हणायचा. माझे राहण्याचे कागद तेव्हा क्रॉयडनच्या इमिग्रेशन ऑफिसात अडकले होते. कंपनीने पत्र द्यायचं, की हा माणूस आम्हाला हवा आहे, याचं काम दुसरं कुणी करू शकत नाही. ते पत्र टाईप होऊन दहा दिवस त्याच्या ट्रेमध्ये सहीवाचून पडलं होतं. मी रोज येता-जाता त्या ट्रेकडे बघायचो. पुढच्या सोमवारी क्रॉयडनला हजर व्हायचं होतं. गुरुवारी हॉस्पिटलातून फोन आला, टर्मिनलं फार हळू चालतात, सकाळच्या गर्दीत नर्सेस उभ्या राहतात. तो माझ्या टेबलाशी आला. "तिचं ते काहीतरी लावलेलं आहे ना, त्यानेच होतंय ना हे?" मी म्हणालो, थोडंफार त्यानेही होत असेल. "मग काढून टाक. तीन महिन्यांत एकही लफडं नाही. शी हॅज फिक्स्ड इट, हॅजन्ट शी?" मी म्हणालो, त्या तसं म्हणत नाहीत. तो हसला. "आपल्या माणसाबद्दल तू लॉयल आहेस, आय लाइक दॅट." आणि जाता जाता, "बाय द वे, तुझं ते पत्र. आज करून टाकू या."

हे दोन्ही तो जोडून बोलला का? नाही. मी जोडून ऐकलं. माझे कान, बाई.

साडेचार वाजता मी कान काढला. काढायला कितीसा वेळ लागतो? चिठ्ठी सोलायची, मूळ पायरी जागेवर ठेवायची. प्रोग्रॅम क्षणभरही थांबला नाही; तुम्ही बघितलं असतंत तर हाताची सफाई आवडली असती. टर्मिनलं पळायला लागली. पाच वाजता पत्रावर सही झाली. मॅनेजर म्हणाला, यू आर नॉट जस्ट अ पेअर ऑफ हँड्स, पुढच्या वर्षी तुला प्रोग्रॅमर करू. मी घरी जाताना ट्रेनमध्ये ते पत्र चार वेळा वाचलं.

शुक्रवारी दुपारी तीन वीसला दोन रिपोर्ट एकमेकांत गेले. एका माणसाच्या पोटॅशियमची ओळ दुसऱ्या एका बाईच्या रिपोर्टच्या तळाशी जाऊन बसली. त्या माणसाचं पोटॅशियम खूप कमी होतं, बाईचं ठीक होतं. या वेळी आकड्यात हास्यास्पद काही नव्हतं. लॅबची पद्धत अशी, की एखादा आकडा चुकला तर दुरुस्ती शेवटी छापून यायची. म्हणून वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरने शेवटचा आकडा खरा धरला. तिला सलाइनमधून पोटॅशियम चढवलं. तिच्या किडन्या आधीच कमजोर. संध्याकाळी सात वाजता तिचं हृदय थांबलं. शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम करून नुकतीच रिटायर झालेली बाई. हे मला नंतर चौकशीत कळलं. शनिवारी सकाळी मॅनेजरने फोन करून मला ऑफिसात बोलावलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्याने त्या पत्राचं किंवा कान काढण्याचं, कशाचंच नाव काढलं नाही, फक्त म्हणाला, "काय घडलं ते ऑपरेटरच्या नोंदवहीत असेल ना?" आणि बाहेर जाऊन सिगारेट ओढत उभा राहिला. नोंदवही माझ्या हातची. गुरुवारच्या पानावर खाली दोन ओळी रिकाम्या होत्या. मी लिहिलं: सोळा-तीस, मशीन बंद पडलं, पुन्हा सुरू केलं.

कारण कान असतो तो मशीनच्या चालत्या स्मरणात. मशीन बंद झालं की तो पुसला जातो; दर रविवारी मशीन बंद करून सुरू केल्यावर तुम्हीच तो हाताने परत बसवायचात. कुणाला काढावा लागत नाही. इतकी चोख सबब तुम्हीच शिकवल्याशिवाय मला सुचलीच नसती.

तुम्ही दहाव्यालाच परत आलात, तेरावं टाकून. कोट न काढता माझ्यासमोर उभ्या राहिलात. डोळ्यांखाली काळं. "कान कुठे गेला?" "बाई, गुरुवारी मशीन बंद पडलं होतं. रीस्टार्टमध्ये गेला." तुम्ही नोंदवही ओढलीत, पान वाचलंत, बराच वेळ वाचलंत, नोंद दोन ओळींचीच होती. मग खुर्चीवर बसलात. "म्हणजे माझीच चूक. रीस्टार्टनंतर तो आपोआप परत बसेल असं करून जायला हवं होतं मी. घाईत राहिलं." मी चहा आणायला उठलो. काय करणार, पाय तिकडे वळले. चहा घेऊन आलो तर तुम्ही त्या चौदा ओळी समोर घेऊन बसल्या होतात, पेन्सिल कानावर. दोन दिवसांनी तुम्हाला रोग सापडला. ओळी ठेवायचा ट्रे एकच होता. एकजण तो उचलायच्या आत दुसरा त्यात आपली ओळ ठेवू शकत होता. तीन ओळी वाढवल्यात आणि ते कायमचं मिटलं. फक्त तीन, बाई. त्या दिवशी तुम्ही जेवल्या नाहीत.

चौकशी एका सरकारी इमारतीत झाली, ब्राउन कार्पेट, पाण्याचे जग. मॅनेजरने शपथेवर सांगितलं, काही बसवलेलं होतं याची मला लेखी कल्पना नव्हती. मी सांगितलं, नोंदवहीत आहे तसं झालं. तुम्हाला त्यांनी विचारलं, चालत्या सिस्टिममध्ये लेखी परवानगीशिवाय बदल केलात का? केला. तो करून देशाबाहेर गेलात का? गेले. दोष तुम्ही लिहिलेल्या भागात होता का? होता. तुमचा आवाज रिपोर्ट वाचल्यासारखा. त्या गेलेल्या बाईची मुलगी पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स, पर्सच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी धरून. शेवटी तिला विचारलं, काही बोलायचंय का. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मला एकच विचारायचंय. कुणाच्याच लक्षात आलं नाही? एवढी माणसं, एवढी मशिन्स. डिड नोबडी नोटिस?" ती बसली.

तुम्हाला कंपनीने राजीनामा द्यायला लावला. इकडे मंडळाच्या गणपतीत बायका तुमच्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागल्या, म्हणून तुम्ही जाणं सोडलंत. डॉक्टरांना त्यांच्या हॉस्पिटलात कुणी तोंडावर बोललं नाही, पण ते एकदा मला म्हणाले, "मी कॅन्टीनमध्ये आलो की टेबलाचा विषय बदलतो रे." तुम्ही पुढे टाऊन लायब्ररीच्या काउंटरवर बसलात, पुस्तकांवर परतीच्या तारखेचे शिक्के मारत. मी एकदा काचेतून बघितलं. शिक्का, पान मिटलं, पुस्तक सरकवलं. शिक्का, पान मिटलं. मी आत आलो नाही.

आणि मी चढत गेलो. प्रोग्रॅमर झालो, मग नोकरी सोडली, वेम्बलीच्या त्याच दुकानावरच्या खोलीत कंपनी काढली. बँका, विमानवाले, टेलिफोनवाले, सगळ्यांचे प्रोग्रॅम चालता चालता मोजून द्यायचे, कुठे अडतं, कुठे रेंगाळतं. लोक म्हणायचे, हा माणूस कॉम्प्युटरला स्टेथोस्कोप लावतो. माझ्या टेबलावर तो खरंच ठेवलेला असायचा, गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. नव्वदच्या दशकात नवी साधनं आली, चालत्या प्रोग्रॅमवर हजार कान एका दमात बसवणारी, कानाचा स्वतःचा वेळ आपण होऊन वजा करणारी. मी विकत घेतली, त्यातली चार माझ्या पोरांनी सुधारली. धंदा वाढला. मी हसतमुख म्हणून प्रसिद्ध आहे, बाई. कुणालाही विचारा.

तुम्ही आजारी पडल्याचं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्याच दशकाची मधली वर्षं होती. मी ईलिंग रोडवरून चिवडा घेतला आणि आलो. तुम्हाला तेव्हा पाणीही गिळवत नव्हतं. तुम्ही चिवड्याच्या पिशवीकडे बघून हसलात. "तुझं नेहमीचंच. माहिती न काढता मोजायला सुरुवात." मग नव्या साधनांबद्दल विचारलंत. मी सांगितलं. "म्हणजे आता चिठ्ठी मशीनच चिकटवतं?" "हो बाई." "आणि मीठ?" "मीठपण तेच घालतं." तुम्हाला हसू आलं, हसण्याचा खोकला झाला, नर्स आली, गेली. खिडकीबाहेर कार पार्क, कुणीतरी गाडीच्या काचेवरचं दव खरवडत होतं, त्याचा आवाज येत होता. तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "ऐकू येतंय ना तुला ते?" "येतंय." "कान अजून तसेच आहेत म्हणायचे." मग अगदी सहज, किराणा विचारावा तसं, "काय रे, त्या वेळी तो प्रतींचा प्रिंटर कुठे होता? तुझ्या खुर्चीच्या मागेच ना?"

मी म्हणालो, "नाही बाई. आवाज फार व्हायचा म्हणून त्या आठवड्यात आतल्या खोलीत हलवला होता."

"असं होय," तुम्ही म्हणालात. एवढंच. नऊ दिवसांनी तुम्ही गेलात.

पुढे महिन्याभराने डॉक्टरांनी मला त्याच किचनमध्ये बसवून एक लिफाफा दिला. "तिच्या कपाटात होतं. तुझ्यासाठी म्हणून ठेवलेलं नाही, तसं समजू नकोस. पण मला यातलं काही कळत नाही, तुला कळेल." आत त्या शुक्रवारच्या प्रतींचा कागद होता, दोन पानं, मधला जोड न फाडलेली. दोन रिपोर्ट. प्रत्येक रिपोर्टच्या कोपऱ्यात एक आकडा छापला जायचा, मशीन सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले. ती तुम्हीच करून ठेवलेली सोय. मशीन गुरुवारी साडेचारला पुन्हा सुरू झालं असतं, तर शुक्रवारी तीन वीसला तो आकडा पाच अंकी असायला हवा होता. तो सहा अंकी होता. मशीन आदल्या रविवारपासून एकदाही बंद पडलेलं नव्हतं. तुम्ही त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला होता, बारीक, नीट, शाळेत करतात तसा. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. चौकशीच्या आधीपासून की नंतर, ते मला कधीच कळणार नाही. हा एक कागद त्या इमारतीत टेबलावर ठेवला असतात, तर मॅनेजर गेला असता, मी तर क्रॉयडनमार्गे थेट मिरजेला. का ठेवला नाहीत? पुष्कळ वर्षं मी स्वतःला समजावलं की माझ्यावर दया केलीत. आता तसं वाटत नाही. तुम्ही दया करणाऱ्यातल्या नव्हतात. तुमच्या हिशेबी रोग त्या चौदा ओळींत होता, कान असो नसो. ऐकणाऱ्याचं नाव त्यात घालणं तुम्हाला गबाळं काम वाटलं असेल. तुम्ही मला वजा केलंत.

डॉक्टर विचारत होते, "काय आहे ते?"

"जुना रिपोर्ट आहे. काही नाही."

"मग टाकून देऊ?"

"मी टाकतो," म्हणालो, आणि खिशात घातला. आज तो माझ्या पुढ्यात आहे. डॉक्टर नव्वदीच्या घरात आहेत, वेम्बलीला मुलीकडे असतात, डोकं शाबूत आहे, रोज पेपर वाचतात. हे सगळं त्यांना पाठवावं म्हणून मी सकाळी लिफाफ्यावर त्यांचा पत्ता लिहिला. टेबलाचा विषय कशाने बदलायचा, हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. पत्ता लिहून झाला, तिकीट लावलं, आणि मग तिकिटाच्या कडा उकलून काढायला लागलो. सवयीचे हात.

कारण त्या कागदावर अजून एक गोष्ट आहे. पहिल्या रिपोर्टच्या प्रत्येक ओळीपुढे तुम्ही पेन्सिलीचं एक टिंब दिलं आहे. सहा टिंबं. दुसऱ्या रिपोर्टपुढे आठ. बाकी काही लिहिलेलं नाही.

प्रिंटर माझ्या खुर्चीच्या मागेच होता, बाई. कुठेही हलवलेला नव्हता. शुक्रवारी दुपारी मॅनेजरने टीमसाठी केक आणला होता, माझ्या पत्राच्या निमित्ताने, कॉफी क्रीमचा. सगळे हसत होते आणि माझी पाठ प्रिंटरकडे होती. सहा ओळी, उडी. आठ ओळी, उडी. मी चुकून मोजलं नाही, मला मोजल्याशिवाय राहवत नाही. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं, मिरजेला पलीकडच्याची सर्दी कळायची तसं. उठून फोन केला असता तर कान का काढला ते सांगावं लागलं असतं. लॅबचा नंबर मला पाठ होता. तीन वीस झाले होते, सात वाजायला वेळ होता. मी केकचा दुसरा तुकडा घेतला.